रेपो वर्षभरात सव्वा टक्का उतरला : निर्णय कसे झाले आणि हप्त्यापर्यंत किती पोचले?

आकडेमोड

२०२५ सरता सरता रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. हा दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या सहा बैठका झाल्या, त्यांतल्या चारमध्ये कपात आणि दोनमध्ये 'जैसे थे'. प्रत्येक वेळी बातमी एकाच ओळीची होती : हप्ता कमी होणार, किंवा होणार नाही. अशा सहा ओळी एकाखाली एक मांडूनही वर्ष समजत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

७ फेब्रुवारी : ६.५० वरून ६.२५. मे २०२० नंतरची पहिली कपात. त्याआधी सलग अकरा बैठकांमध्ये दर हलला नव्हता.
९ एप्रिल : ६.००. भूमिका (दराचा पुढचा कल सांगणारा शब्द) 'तटस्थ'वरून 'उदार'.
६ जून : एकदम अर्धा टक्का, ५.५०. सोबत सीआरआरमध्ये, म्हणजे ठेवींचा जो भाग बँकांना रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावा लागतो त्यात, एक टक्का कपात जाहीर. पण भूमिका 'उदार'वरून परत 'तटस्थ'.
६ ऑगस्ट : बदल नाही.
१ ऑक्टोबर : बदल नाही.
५ डिसेंबर : ५.२५. भूमिका तटस्थच.

माझं मत असं, की दराचा आकडा ही निर्णयाची शेवटची पायरी असते. खरा निर्णय तीन ठिकाणी दिसतो : महागाईचा पुढच्या वर्षाचा अंदाज, भूमिकेचा शब्द, आणि बँकांकडे रोकड किती सोडली ते. आता दोन प्रश्न. ऑगस्ट-ऑक्टोबरमध्ये महागाई दोन टक्क्यांच्या आसपास असताना समिती थांबली का? आणि सव्वा टक्क्यातलं कर्जदाराच्या पदरात किती पडलं?

पै_पै

दुसऱ्या प्रश्नाचं छोटं उत्तर : रेपोशी जोडलेलं कर्ज असेल तर जवळजवळ सगळं. एमसीएलआरवर (बँक स्वतःच्या ठेवींच्या खर्चावरून ठरवते तो दर) असेल तर रीसेटची, म्हणजे दर नव्याने लागू होण्याची, तारीख येईल तेव्हा, तेही टप्प्याटप्प्याने.

तिठा

पहिल्या प्रश्नावर मी थेट म्हणेन की समितीला उशीर झाला, आणि तो ऑगस्टमध्ये नाही, २०२४ मध्येच झाला. डिसेंबर २०२४ च्या बैठकीत नागेश कुमार आणि राम सिंग या दोन बाहेरच्या सदस्यांनी पाव टक्का कपातीच्या बाजूने मत दिलं होतं. जुलै-सप्टेंबर २०२४ च्या तिमाहीचा विकासदर ५.४ टक्के आला होता. तरी ४ विरुद्ध २ मतांनी दर तसाच राहिला.

आता २०२५-२६ च्या महागाईचे रिझर्व्ह बँकेचेच अंदाज बघा. फेब्रुवारीत ४.२, एप्रिलमध्ये ४.०, जूनमध्ये ३.७, ऑगस्टमध्ये ३.१, ऑक्टोबरमध्ये २.६, डिसेंबरमध्ये २.०. पाचही वेळा दुरुस्ती खालीच. अंदाज कधी वर, कधी खाली चुकला तर समजू शकतो. सतत एकाच बाजूला चुकत असेल तर पद्धतीतच काहीतरी राहून जातंय. आणि त्या चुकीची किंमत कर्जदार दर महिन्याच्या पाच तारखेला भरतो.

नीलांबरी

तिठा, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मान्य नाही. ऑक्टोबर २०२४ ची महागाई ६.२१ टक्के होती. कायद्याने ठरलेलं लक्ष्य ४ टक्के, वर-खाली २ ची मुभा. म्हणजे वरची रेघ ओलांडलेली. सलग तीन तिमाह्या सरासरी ६ च्या वर राहिली तर बँकेला सरकारकडे लेखी खुलासा द्यावा लागतो, आणि २०२२ मध्ये तो द्यावा लागला होता. ती आठवण ताजी असताना ६.२१ वर कपात कोण करणार?

शिवाय घसरण आली कुठून ते बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्यांची महागाई ४२ टक्क्यांच्या वर होती. वर्षभराने त्याच उंच पायावरून मोजणी झाली तेव्हा आकडा कोसळला : ऑक्टोबर २०२५ ला ०.२५ टक्के, खाद्यपदार्थांत तर उणे ५.०२. मूळ महागाई, म्हणजे खाद्यपदार्थ आणि इंधन वगळून, चारच्या वरच होती आणि तिलाही सोन्याने वर ढकललं होतं. पाऊस आणि भाजीची आवक डिसेंबरमध्ये बसून कुणालाही सांगता येत नाही.

सातबारा

जरा विषयांतर, पण बोलायलाच हवं. ०.२५ टक्के महागाईचं शहरात कौतुक झालं. त्या आकड्याची दुसरी बाजू लासलगाव-पिंपळगावच्या लिलावात होती. महागाई मोजणाऱ्या ग्राहक निर्देशांकात (२०१२ हे पायाभूत वर्ष) कांद्याचं वजन अवघं ०.६४ टक्के, टोमॅटोचं ०.५७, बटाट्याचं ०.९८. तिन्ही मिळून सव्वादोन टक्केही नाहीत, पण भाव दुप्पट किंवा निम्मा होतो तेव्हा एवढंसं वजनही सगळा आकडा ओढून नेतं. भाव चढला की निर्यातीवर बंधनं येतात. पडला की "महागाई आटोक्यात". दर ठरवणारे सहाजण कांद्याचा भाव ठरवत नाहीत हे कळतं. पण महागाई कमी म्हणजे सगळ्यांचं भलं, असं सरसकट म्हणू नये एवढंच.

नीलांबरी

सातबारा, पूर्ण सहमत. आणि हे वजन जुनंही झालंय. २०२५ पर्यंतचा निर्देशांक २०१२ च्या पायावर, त्यात खाद्यपदार्थ-पेयांचा वाटा ४५.८६ टक्के. घरखर्चाच्या २०२३-२४ च्या पाहणीवर आधारलेली नवी मालिका फेब्रुवारी २०२६ पासून, पाया २०२४. खाण्याचा वाटा त्यात कमी, म्हणजे भाजीमुळे होणारी उडी-घसरण थोडी कमी व्हावी.

मोडी_वळण

जूनच्या बैठकीवर कुणी बोललं नाही, आणि वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तोच होता. तीन गोष्टी एकदम झाल्या.

एक, दर अर्धा टक्का खाली. सौगत भट्टाचार्य यांनी पाव टक्क्याला मत दिलं, बाकी पाच जणांनी अर्ध्याला.

दोन, सीआरआर ४ वरून ३ टक्के, चार टप्प्यांत : ६ सप्टेंबर, ४ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, २९ नोव्हेंबर, दर वेळी पाव टक्का. यातून सुमारे अडीच लाख कोटी रुपये बँकांकडे मोकळे होणार होते. सीआरआरवर बँकांना व्याज मिळत नाही, त्यामुळे तिथून सुटलेला पैसा बँकेच्या खर्चाची सरासरी खाली आणतो. एक बारकावा : सीआरआर समिती ठरवत नाही. समितीचं मत रेपो दरावर आणि भूमिकेवर. सीआरआर, रोखे खरेदी, डॉलरचे स्वॅप (ठरलेल्या मुदतीने परत फिरवायची डॉलर-रुपया अदलाबदल) हे रिझर्व्ह बँकेचे स्वतःचे निर्णय. गव्हर्नरांच्या एकाच भाषणात सगळं येतं म्हणून लोक एकत्र धरतात.

तीन, भूमिका परत तटस्थ. 'उदार' असताना पुढचा निर्णय कपात किंवा थांबणं यांपैकी एक असतो. 'तटस्थ' झाल्यावर दर कुठेही जाऊ शकतो. गव्हर्नर मल्होत्रांनी तेव्हाच सांगितलं होतं की आता आणखी आधार द्यायला जागा फार थोडी उरली आहे.

रोखे बाजाराने पहिल्या दोन गोष्टींपेक्षा तिसरी जास्त मनावर घेतली. दर उतरूनही लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांचं यील्ड (बाजारातला परतावा; तो चढला की रोख्याची किंमत उतरते) नंतर चढलं, कारण "आणखी कपात" ही आशा मावळली. लाँग ड्युरेशन किंवा गिल्ट फंडात (लांब मुदतीच्या किंवा सरकारी रोख्यांच्या म्युच्युअल फंडात) "दर उतरताहेत म्हणजे फायदा" असं म्हणून जूननंतर शिरलेल्यांचं गणित इथे चुकलं. ड्युरेशन (यील्ड हललं की किंमत किती हलते त्याचं माप) ७ असलेल्या फंडात यील्ड पाव टक्का चढलं तर एनएव्ही, म्हणजे एका युनिटचं मूल्य, साधारण पावणेदोन टक्के उतरते. रेपो आणि दहा वर्षांचं यील्ड या दोन वेगळ्या दोऱ्या आहेत. पहिली रिझर्व्ह बँकेच्या हातात, दुसरी सरकारच्या कर्जउभारणीच्या आणि बाजाराच्या अपेक्षांच्या.

गच्ची

इथे बहुतेकांना गृहकर्जापुरतंच कळून घ्यायचं असेल. रेपो उतरला तरी हप्ता तोच का राहतो, हे कुणी पायरीपायरीने सांगेल का?

बाकीशून्य

गच्ची, क्रमाने घेऊ.

आधी मंजुरीपत्र काढा आणि त्यात तीन शब्द शोधा : बेंचमार्क (कर्ज ज्या मूळ दराशी जोडलंय तो), स्प्रेड (त्यावर बँक लावते ती भर), रीसेट.

बेंचमार्क : १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या मापकाशी जोडावी लागतात, आणि बहुतेकांनी रेपो घेतला. त्याआधीचं कर्ज एमसीएलआरवर (एप्रिल २०१६ पासून) किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर असू शकतं. गृहवित्त कंपन्यांना हा नियम नाही. त्या स्वतःच्या पीएलआरवर (स्वतः ठरवलेल्या मूळ दरावर) चालतात आणि तो कधी, किती हलवायचा हे त्याच ठरवतात.

रीसेट : रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर तीन महिन्यांतून किमान एकदा बदललाच पाहिजे. रीसेट १ जानेवारी, १ एप्रिल असा तिमाहीला असेल तर ५ डिसेंबरची कपात १ जानेवारीला लागू होईल. कर्ज २० नोव्हेंबरला वितरित झालं आणि रीसेट त्या तारखेपासून मोजत असतील, तर थेट २० फेब्रुवारी. एक वर्षाच्या एमसीएलआरवर रीसेट दर जानेवारीत असेल, तर २०२५ च्या चारही कपातींचा परिणाम एकदम जानेवारी २०२६ मध्ये दिसेल, आणि तोही एमसीएलआर जेवढा उतरला तेवढाच. एमसीएलआर ठेवींच्या खर्चावर ठरतो. जुन्या चढ्या दराच्या ठेवी मुदत संपेपर्यंत तशाच राहतात, म्हणून तो सावकाश सरकतो.

स्प्रेड : लोक नेमकं हेच बघत नाहीत. रेपो सगळ्यांना सारखा, स्प्रेड ज्याचा त्याचा. ५.२५ वर कुणाचा २.०० तर कुणाचा २.७५. चालू कर्जाचा स्प्रेड बँक मनाला येईल तसा वाढवू शकत नाही. जोखमीचा भाग तुमची पत लक्षणीय बदलली तरच बदलतो, बाकीचे घटक तीन वर्षांतून एकदा. १ ऑक्टोबर २०२५ पासून मात्र ग्राहकाच्या फायद्यासाठी हे घटक तीन वर्षांच्या आधीही कमी करायला बँकांना मुभा आहे. म्हणजे मागायला आता कारण आहे.

आणि हप्ता तोच का? कारण दर उतरला की बऱ्याच बँका हप्ता न बदलता मुदत कमी करतात. त्यामुळे कर्जखात्याच्या उताऱ्यावर "उरलेले हप्ते" हा रकाना बघा. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर तिमाहीला मिळणाऱ्या विवरणात फेडलेलं मुद्दल व व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर एवढं असलंच पाहिजे. मिळत नसेल तर लेखी मागा.

पै_पै

बाकीशून्य यांच्या प्रतिसादाला आकड्यांची जोड. ५० लाख, २० वर्षं, ८.५० टक्के : हप्ता ४३,३९१. दर सव्वा टक्का उतरून ७.२५ झाला तर हप्ता ३९,५१९. महिन्याला ३,८७२ रुपये सुटले.

पण हप्ता ४३,३९१ च ठेवला तर कर्ज २४० ऐवजी १९८ महिन्यांत संपतं. साडेतीन वर्षं आधी. हप्ता कमी केला तर एकूण व्याज सुमारे ४४.८५ लाख, मुदत कमी केली तर सुमारे ३५.८ लाख. फरक नऊ लाखांचा. (हिशेब कर्जाच्या सुरुवातीपासून धरलाय. चालू कर्जाला उरलेलं मुद्दल आणि उरलेले महिने घालून करावा.)

महिन्याची ओढाताण नसेल तर हप्ता कमी करून घेऊ नका.

तिठा

आणि २०२२ चा उलटा खेळही नोंदवा. ४ मे २०२२ ला नियोजित वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन रेपो ४.०० वरून ४.४० केला. मग ४.९०, ५.४०, ५.९०, ६.२५ आणि ८ फेब्रुवारी २०२३ ला ६.५०. नऊ महिन्यांत अडीच टक्के वर. ६.५० टक्क्यांनी घेतलेल्या ५० लाखांचा २० वर्षांचा हप्ता ३७,२७९. दर ९ टक्के झाला की ५० लाखांवरचं एका महिन्याचं व्याजच ३७,५००. हप्ता तोच ठेवला तर नव्या कर्जदाराचं मुद्दल जवळपास जागचं हलेना, आणि मुदत फुगून निवृत्तीच्या पलीकडे गेली. बाकीशून्य म्हणताहेत ते ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक यातूनच आलं : हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही, हे कर्जदाराला विचारा, आणि हप्त्यातून निदान व्याज तरी फिटलंच पाहिजे.

ज्यांची मुदत तेव्हा वाढली ती आता आपोआप आखडतेय का, हे त्यांनी तपासावंच.

नीलांबरी

हे पटलं. वर चढताना एका बैठकीत अर्धा टक्का तीनदा, उतरताना एकदाच.

देवराई

आमच्याकडे तालुक्याच्या गावात निम्मी कर्जं नागरी सहकारी बँकांची आणि पतसंस्थांची असतात. त्यांना रेपो लागू होतो का?

बाकीशून्य

देवराई, थेट नाही. बाहेरच्या मापकाचा तो नियम नागरी सहकारी बँकांना नाही. त्यांचा दर संचालक मंडळ ठरवतं. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच येत नाहीत, त्या सहकार खात्याखाली. तिथे दर उतरतो तो ठेवींचे दर उतरल्यावर, किंवा चांगला कर्जदार दुसऱ्या बँकेकडे निघाला म्हणजे. ठेव ठेवताना एक फरक लक्षात असू द्या : सहकारी बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.

कर्ज हलवायचं असेल तर आधी आहे त्याच बँकेत अर्ज करा, की नव्या ग्राहकाला देता तो स्प्रेड मला द्या. रूपांतर शुल्क विचारा आणि ते किती महिन्यांत वसूल होतं ते काढा. नकार मिळाला तर दुसरीकडे जा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. तरी नव्या बँकेची प्रक्रिया फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, मुद्रांक शुल्क आणि गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन हा खर्च येतोच. महाराष्ट्रात ती नोटीस ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. दरात अर्ध्या टक्क्याचा फरक आणि दहा वर्षांहून जास्त मुदत उरली असेल तर सहसा परवडतं. शेवटची चार-पाच वर्षं उरली असतील तर व्याजाचा मोठा भाग भरून झालेला असतो, धडपड करू नका.

चंद्रकोर

कर्जदारांचं झालं. व्याजावर घर चालवणाऱ्या ज्येष्ठांचं काय? मोठ्या बँकांचा बचत खात्याचा दर अडीच टक्क्यांवर आला, एफडी नूतनीकरणाला गेली की दर एकदम खाली.

पै_पै

चंद्रकोर, तीन गोष्टी.

पोस्टाच्या योजनांचे दर रेपोला बांधलेले नाहीत, अर्थ मंत्रालय दर तिमाहीला ठरवतं. २०२५ भर ते बदलले नाहीत : ज्येष्ठ नागरिक बचत योजना ८.२, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र (एनएससी) ७.७, पीपीएफ ७.१. ज्येष्ठांच्या योजनेत ठेवताना असलेला दर पाच वर्षं तसाच राहतो, कमाल ३० लाख.

रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट बाँड एनएससीच्या वर ०.३५ देतात, २०२५ मध्ये ८.०५. सात वर्षं पैसे अडकतात (ज्येष्ठांना वयानुसार लवकर सुटका), आणि एनएससीचा दर उतरला तर हाही उतरेल.

एफडी एकाच तारखेला ठेवू नका. एक, दोन, तीन, चार, पाच वर्षं अशी पाच तुकड्यांत ठेवली की दर उतरत्या वर्षी एकच तुकडा कमी दरात जातो.

आकडेमोड

मूळ पहिल्या प्रश्नाकडे येतो. नीलांबरीताईंनी "पाऊस सांगता येत नाही" म्हटलं, पण ऑगस्टच्या निवेदनात याहून नेमकं उत्तर होतं. आकडा चालू महागाईचा बघायचा नाही, एप्रिल-जून २०२६ च्या तिमाहीच्या अंदाजाचा बघायचा. तो ऑगस्टमध्ये ४.९ टक्के होता. ऑक्टोबरमध्ये ४.५ झाला. डिसेंबरमध्ये ३.९.

आता वजाबाकी करा. ऑगस्टमध्ये ५.५० वजा ४.९, म्हणजे वास्तव दर ०.६ टक्के. ऑक्टोबरमध्ये १.०. डिसेंबरच्या बैठकीत कपातीआधी १.६, कपातीनंतर १.३५. रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासकांनी जुलै २०२४ च्या बुलेटिनमध्ये तटस्थ वास्तव दर (अर्थव्यवस्थेला ना ढकलणारा, ना रोखणारा) १.४ ते १.९ च्या पट्ट्यात धरला होता. त्या मापाने ऑगस्टमध्ये दर आधीच सैल होता, म्हणून हात आखडला. डिसेंबरमध्ये पुढचा अंदाजच एक टक्का खाली आल्यावर जागा झाली. विकासदराचा अंदाज ७.३ वर नेऊनही कपात झाली ती याच कारणाने.

तिठा

वजाबाकी पटली. पण मग माझा मूळ मुद्दा आणखी पक्का होतो : सगळा निर्णय ४.९ या आकड्यावर उभा होता आणि तो चार महिन्यांत ३.९ झाला. ऑक्टोबरमध्ये नागेश कुमार आणि राम सिंग यांना भूमिका 'उदार' हवी होती, ते उगीच नव्हे.

मोडी_वळण

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ऑगस्टमध्ये अमेरिकेचं आयात शुल्क ५० टक्क्यांवर गेलं, २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर उतरले. दोन्हींचा परिणाम किती ते कळेपर्यंत थांबणं मला तरी रास्त वाटतं.

डिसेंबरबद्दल एक राहिलं. त्याच आठवड्यात डॉलर ९० रुपयांच्या वर गेला होता. रुपया सावरायला रिझर्व्ह बँक डॉलर विकते तेव्हा तेवढे रुपये बँकांकडून निघून जातात आणि रोकड आटते. रोकड आटली तर रेपो ५.२५ असूनही एका रात्रीच्या उसनवारीचा बाजारदर वर, ५.५० च्या एमएसएफकडे (बँकांना अडचणीत रिझर्व्ह बँकेकडून रात्रीपुरत्या मिळणाऱ्या कर्जाच्या दराकडे) सरकतो आणि कपात कागदावर राहते. म्हणून कपातीसोबतच एक लाख कोटींची रोखे खरेदी आणि ५ अब्ज डॉलरचा तीन वर्षांचा स्वॅप जाहीर झाला.

गच्ची

सगळ्यांचे आभार. मग २०२६ मध्ये काय काय बघायचं?

आकडेमोड

४ ते ६ फेब्रुवारीची बैठक. निर्णय तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला. निवेदनातला पुढच्या तिमाह्यांच्या महागाईचा तक्ता आधी वाचा, दर नंतर. चौदाव्या दिवशी इतिवृत्त येतं. सहाही जणांनी कोणत्या कारणाने मत दिलं ते त्यात असतं. १२ फेब्रुवारीला नव्या मालिकेचा पहिला आकडा. आणि ३१ मार्च २०२६ ला ४ टक्के, वर-खाली २ या लक्ष्याची पाच वर्षांची मुदत संपते. लक्ष्य सरकार रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून ठरवतं.

बाकीशून्य

आणि गच्ची, तुमच्या मंजुरीपत्रातली रीसेटची तारीख. ती उलटल्यावर आठवड्याभरात उतारा काढा. दर उतरलेला नसेल तर शाखेत तोंडी विचारू नका, लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला शुल्क नाही.